स्पोर्ट्‌स कारचे स्पार्क प्लग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा मालक असो की न्यू जर्सीत जुनी माझदा मियाटा घेऊन बसलेला कोणी, प्लगबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून ते एका जागी लावून ठेवले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. स्पोर्ट्‌स कारचा प्लग साध्या गाडीच्या प्लगपेक्षा वेगळा असतो का?

काम तेच, इंजिनातले हवा-पेट्रोलचे मिश्रण ठिणगीने पेटवायचे, पण हाल जास्त. ७,००० आरपीएमवर फिरणाऱ्या इंजिनात प्रत्येक प्लगला मिनिटाला ३,५०० वेळा ठिणगी टाकावी लागते. त्यात टर्बो असला तर ती दाबलेल्या हवेतून उडवायची, म्हणजे व्होल्टेज जास्त लागते. त्यामुळे अशा गाड्यांत बहुधा थंड प्रकारचा (प्रश्न ४), बारीक इलेक्ट्रोडचा आणि कमी गॅपचा (ठिणगी उडते ती दोन इलेक्ट्रोडमधली फट) प्लग असतो. ‘रेसिंग’ असे छापलेला प्लग घेतला म्हणजे गाडी रेसिंगची होत नाही. उलट शहरात तो कार्बन धरतो (प्रश्न ४).

२. माझ्या गाडीला नेमका कुठला प्लग लागतो, हे कुठे बघायचे?

ओनर्स मॅन्युअलमध्ये, नाहीतर चासी नंबर टाकून पार्ट्स कॅटलॉगमध्ये. गाडीच्या नावावरून प्लग मागू नका. पोलो जीटी टीएसआय हेच घ्या. आधीची १.२ लिटरची, चार सिलिंडरची. २०२० पासून त्याच नावाने आली ती १.० लिटरची, तीन सिलिंडरची. काउंटरवर ‘जीटी टीएसआयचे प्लग द्या’ म्हणालात तर तीन येतील की चार, हे समोरच्याच्या अंदाजावर.

हेडमधून (सिलिंडरवरचे झाकण, प्लग त्यातच बसतात) निघालेल्या जुन्या प्लगवरचा नंबर लिहून घेणे हा आणखी एक लाडका मार्ग. सेकंडहँड गाडीत तो धोक्याचा. आधीच्या मालकाने काय बसवले होते आणि का, ते तुम्हाला माहीत नसते.

३. ‘बीकेआर६ई-११’ अशा नंबरचा अर्थ काय?

हा एनजीके या प्लगच्या कंपनीचा नंबर आहे आणि मियाटावाल्यांच्या ओळखीचा. ‘बी’ म्हणजे १४ मिमी आटे. ‘के’ म्हणजे १६ मिमीचा पाना लागणारे षटकोनी डोके. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे. ‘६’ ही हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड (प्रश्न ४). ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटचा ‘११’ म्हणजे कारखान्यातून आलेला गॅप १.१ मिमी.

यातल्या आट्यांच्या लांबीकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते, आणि महागात तीच पडते. लांबी जास्त झाली तर प्लगचे टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकते. कमी झाली तर हेडमधले उघडे राहिलेले आटे कार्बनने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य प्लग आत जाताना अडतो. रेझिस्टर नसलेला प्लग आजच्या गाडीत घालू नका. रेडिओत खरखर येते ती सोडा, इसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सेन्सरनाही त्याचा त्रास होतो.

४. ‘गरम’ आणि ‘थंड’ प्लग म्हणजे काय? गरम प्लगची ठिणगी जास्त जोरदार असते का?

नाही. ठिणगीचा आणि या नावांचा काही संबंध नाही. प्लग आपल्या टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर पोचवतो, एवढेच त्यात सांगितलेले असते. आतल्या चिनीमातीचे नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता पडतो आणि टोक तापलेले राहते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर तो थंड.

टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. पण ८५० च्या पुढे गेले की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकते. त्यात पिस्टन वितळल्याची उदाहरणे आहेत. प्लगचे टोक या दोन तापमानांच्या मध्ये राहिले पाहिजे. थंड प्लग घालून रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगत गेलात तर टोक ४५० पर्यंत पोचतच नाही आणि महिनाभरात गाडी सकाळी अडखळायला लागते.

आता गोंधळाची गोष्ट. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये उलटे, आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. ब्रँड बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका. कंपनीचा तुलनात्मक तक्ता बघा.

५. कॉपर, प्लॅटिनम की इरिडियम?

गाडीत कारखान्यातून जे आले ते. हे उत्तर कुणाला आवडत नाही, म्हणून थोडे सविस्तर.

‘कॉपर’ प्लगमध्ये तांबे फक्त गाभ्यात असते. ठिणगी झेलणारे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते आणि ते लवकर झिजते. प्लॅटिनम १,७६८ अंशाला वितळते, इरिडियम त्याहून कितीतरी वर, २,४०० अंशांच्या पुढे. त्यामुळे इरिडियमचे टोक अगदी बारीक करता येते. डेन्सोच्या इरिडियम पॉवरमध्ये ते ०.४ मिमीचे आहे, साध्या निकेल प्लगमध्ये २.५ मिमीच्या आसपास. टोक बारीक असले की ठिणगीला व्होल्टेज कमी लागते आणि कॉइलवरचा (प्लगला ते व्होल्टेज पुरवणारा भाग) ताण हलका होतो.

म्हणजे इरिडियमचा फायदा आयुष्यात आणि कॉइलच्या सुखात आहे. मुळात कॉपरसाठी बनलेल्या जुन्या मियाटात कॉपर प्लग उत्तम चालतात. वेळेवर बदलायची तयारी असेल तर तिथे इरिडियमवर खर्च करायचे काही कारण नाही. याच्या उलट मात्र करू नका. इरिडियमवाल्या टर्बो गाडीत पैसे वाचवायला कॉपर घातले, तर ते कधी झिजले हे तुम्हाला गाडी मिसिंग मारायला (ठिणगी चुकून अडखळायला) लागल्यावरच कळेल.

६. इरिडियम घातल्यावर पिकअप वाढतो का?

झिजलेले प्लग काढून नवे घातलेत तर वाढल्यासारखा वाटेल. नवे कॉपर घातले असते तरी वाटला असता.

७. किती किलोमीटरला बदलायचे? माझी गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किमी चालते.

निकेलचे प्लग साधारण २० ते ३० हजार किमी. प्लॅटिनम आणि इरिडियम ६० हजार ते १ लाख. टर्बो इंजिनात यातला कमी आकडा धरा. रिमॅप (इसीयूचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे) केले असेल तर त्याच्याही निम्मा (प्रश्न १४).

रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला मात्र किलोमीटरचा हिशेब लावू नका. अनेक पोर्शे मॉडेलांच्या सर्व्हिस तक्त्यात प्लगसाठी किलोमीटरबरोबर चार वर्षांची मुदतही दिलेली असते, ती उगाच नाही. लांब हेडमध्ये प्लग वर्षानुवर्षे बसून राहिला की आटे धरतात, आणि मग काढताना अॅल्युमिनियमचे आटेच प्लगबरोबर निघून येतात. गाडी चालली नाही तरी पाच वर्षांत एकदा प्लग सैल करून बघितलेच पाहिजेत.

८. नव्या प्लगचा गॅप तपासावा लागतो का? ‘प्री-गॅप्ड’ लिहिलेले असते.

तपासा. खोक्यात प्लग पडतो, आपटतो, वाहतुकीत हलतो. मात्र नाण्यासारखी चकती फिरवून गॅप बघायचे साधन इरिडियमला लावू नका. ती चकती मधल्या बारीक टोकावर रेटली जाते आणि टोक तुटते. तारेचा गेज वापरा, हलक्या हाताने. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड, मधल्याला हात लावायचा नाही. ज्यांच्या दोन्ही इलेक्ट्रोडवर किमती धातूची टिकली आहे किंवा ज्यांना बाजूचे तीन-चार इलेक्ट्रोड आहेत, त्यांचा गॅप बदलायच्या फंदात पडू नका. चुकीचा असेल तर प्लग परत करा.

९. नकली प्लग कसे ओळखायचे?

एनजीके आणि डेन्सोचे नकली प्लग आपल्याकडे सर्रास मिळतात, आणि खोके हुबेहूब असते. खोके सोडा, प्लग बघा. असली प्लगवरचे आटे गुळगुळीत आणि एकसारखे असतात, चिनीमातीवरची छपाई नखाने खरवडून जात नाही, वॉशर आट्यांवरून सहज निसटून हातात येत नाही. बाजूचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर समोर बसलेला असतो, वाकडा नाही.

मल्टीमीटर असेल तर वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजा. रेझिस्टरवाल्या असली प्लगमध्ये काही हजार ओहम येतात, बहुधा ५,००० च्या आसपास. शून्याजवळ आले तर आत रेझिस्टरच नाही. आणि इरिडियमचा प्लग कॉपरच्या भावात मिळत असेल तर मोजायचीही गरज नाही.

१०. प्लग घरी बदलता येतील का? कसे?

इंजिन उभे, सरळ आणि समोर असेल तर नक्की. व्हीआरएससारख्या चार सिलिंडरच्या गाडीत निवांत तासाभराचे काम. बॉक्सर इंजिनासाठी आधी प्रश्न १५ वाचा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढून काढला तर आटे जातात. मग कॉइलचे कनेक्टर सोडवा. गरमीने त्यांचे प्लॅस्टिक कडक झालेले असते, लॉक स्क्रूड्रायव्हरने उचकटले की तुटते आणि मग मालक केबल टायने बांधून फिरतो. लॉक आधी आत दाबा, मग ओढा. कॉइल थोडी फिरवून सरळ वर काढा.

आता प्लगच्या विहिरीत टॉर्च मारून बघा. पावसाळ्यानंतर किंवा इंजिन धुतल्यावर तिथे पाणी साचलेले सापडते, एरवी वाळू आणि धूळ. प्लग काढलात की हे सगळे थेट सिलिंडरमध्ये जाणार. म्हणून आधी कॉम्प्रेसरच्या हवेने विहीर साफ करा, डोळ्यांवर चष्मा लावून. विहिरीत तेल दिसले तर ते व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचे किंवा प्लग ट्यूबच्या सीलचे. ते दुरुस्त केल्याशिवाय नवे प्लग आणि कॉइल घालणे म्हणजे पैसे तेलात बुडवणे.

पाना बघून घ्या. बऱ्याच गाड्यांना १६ मिमी लागतो, पण बीएमडब्ल्यूच्या अनेक टर्बो इंजिनांना आणि मिनी कूपर एसला १४ मिमीचे, बारा कोनांचे, पातळ भिंतीचे सॉकेट लागते. साधे १४ चे विहिरीत जातच नाही.

नवा प्लग बसवताना रॅचेट बाजूला ठेवा. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा अडकवा आणि बोटांनी फिरवा. आटे वाकडे धरले तर नळी प्लगवर घसरते आणि हेड वाचते. पहिले तीन-चार फेरे तरी असे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडला तर पुन्हा काढा. जोर लावून आटे गेलेच तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावी लागते, आणि काही इंजिनांत त्यासाठी हेड उतरवतात.

११. टॉर्क पाना नसेल तर किती आवळायचे?

वॉशरवाला नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत आवळा, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. फिरवताना वॉशर दबल्याचे हाताला कळते. आधी प्रतिकार वाढत जातो, मग एकदम घट्ट होतो. तिथे थांबा. वापरलेला प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा बाराव्या हिश्श्याएवढा फेरा पुरे. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळाव्या हिश्श्याएवढा.

टॉर्क पाना असेल तर अॅल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिमीच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २०. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. सैल प्लगही तितकाच वाईट. त्याची उष्णता हेडकडे जात नाही आणि टोक जळते.

१२. आट्यांना अँटीसीझ किंवा ग्रीस लावायचे का?

आजकालच्या मुलामा दिलेल्या प्लगला अँटीसीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) नको. एनजीके स्वतःच तसे सांगते. आटे निसरडे झाले की टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. डायइलेक्ट्रिक ग्रीस वेगळे. ते कॉइलच्या रबरी बूटाच्या आत, कडेला, अगदी थोडे लावा, म्हणजे पुढच्या वेळी रबर चिकटून फाटणार नाही. अँटीसीझच्या नियमाला एक ठळक अपवाद आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

१३. काढलेले प्लग बघून काय कळते?

पुष्कळ कळते. म्हणून ते काढल्याबरोबर सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर लावून ठेवा. एका ढिगात टाकलेत तर काहीच वाचता येत नाही.

नाकावर फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळे ठीक. सुकी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), नाहीतर गाडी फक्त जवळच्या चकरांना जाते. ओली, चकचकीत काळी म्हणजे तेल वर येते आहे, रिंगमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून. पांढरे, फोड आलेले नाक म्हणजे अति उष्णता. नाकावर मिरीच्या पुडीसारखे काळे किंवा चमकणारे ठिपके दिसले तर गाडी त्या दिवशीच जोरात चालवणे बंद करा. डिटोनेशन (मिश्रण स्फोटासारखे एकदम पेटणे) होते आहे आणि ते चमकणारे ठिपके पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे असतात. बाकी सगळे प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात असण्याची शक्यता आहे, हेड गॅस्केट तपासा.

बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर, धातूच्या जरा वर, तपकिरी वलय दिसते. त्यावरून ‘गॅस लीक आहे’ म्हणत प्लग नाकारणारे मेकॅनिक खूप. ते कोरोनाचे डाग असतात. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, प्लगला काही झालेले नसते. मात्र वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरून पळते आहे. तेव्हा प्लगबरोबर कॉइलचा बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ उमटेल.

प्लग बदलूनही गाडी मिसिंग मारत असेल तर स्कॅनर लावा. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाका. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा. जुन्या मियाटात प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल नसते, तिथे पहिला संशय प्लगच्या वायरींवर घ्यावा.

१४. स्टेज १ रिमॅप केले आहे. प्लग बदलायचे का?

ट्यूनर जो सांगेल तो, आणि त्याने काहीच सांगितले नसेल तर ट्यूनरबद्दलच विचार करा. बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि कॉइल तेवढे देऊ शकली नाही तर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर गाडी हिसके देते. यावर पहिला उपाय गॅप कमी करणे. ०.८ मिमीचा असेल तर ०.६ ते ०.७. दुसरा उपाय हीट रेंज एक पायरी थंड करणे. साध्या स्टेज १ ला बहुधा गॅपवरच भागते. ट्रॅकवर जाणाऱ्या किंवा मोठा टर्बो लावलेल्या गाडीला एक पायरी थंड लागतो. एकदम दोन पायऱ्या थंड प्लग रोजच्या गाडीत घालू नका, कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

ई-२० पेट्रोल किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल टाकता म्हणून प्लग बदलायची गरज नाही. बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरबद्दल मात्र सावध राहा. फेरोसीन असलेल्या बूस्टरने नाकावर विटकरी लाल थर बसतो. तो थर वीज वाहून नेतो आणि ठिणगी गॅपमध्ये न पडता त्यावरून निसटते.

१५. पोर्शे ९११ किंवा टोयोटा जीटी८६ मध्ये प्लग बदलायला इतकी मजुरी का सांगतात?

कारण इंजिन आडवे आहे. बॉक्सरमध्ये प्लग वर नसतात, दोन्ही बाजूंना तोंड करून असतात. जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांच्यात हेड आणि चासीच्या मध्ये हात कसाबसा जातो. लहान-मोठी एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट आतच जोडत जोडत काम करावे लागते. ९११ च्या ९९६ आणि ९९७ मालिकेत मागची चाके काढून खालून काम करणे सोयीचे, टर्बो असेल तर बंपरही उतरतो. त्या आधीच्या, टर्बो नसलेल्या ९६४ आणि ९९३ मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण १२ प्लग आहेत, त्यांतले सहा खालच्या बाजूने. वरचे सहा बदलून १२ चे बिल लावल्याच्या कथा या गाड्यांच्या मालकांत चालतात. जुने १२ प्लग मागून घ्या.

९९६ मध्ये प्लग ट्यूबच्या ओ-रिंग आणि तडे गेलेल्या कॉइल ही नेहमीची दुखणी. तिथवर पोचलाच आहात तर दोन्ही बघून घ्या.

१६. माझदा आरएक्स-८ ला चार प्लग आहेत, चारही सारखे का नाहीत?

रोटरी इंजिन आहे म्हणून, त्यात पिस्टनऐवजी रोटर फिरतात. दोन रोटर, प्रत्येकाला दोन प्लग. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. लीडिंगला एनजीकेचा आरई७ मालिकेचा प्लग, ट्रेलिंगला त्याहून थंड असा आरई९. अदलाबदल चालत नाही. नंबराच्या शेवटी ‘एल’ आणि ‘टी’ दिलेले असते, ते बघून बसवा, आणि वायरीही एकेक करूनच काढा.

या गाडीची आणखी एक खोड. गॅरेजमधून बाहेर काढून थंड असतानाच लगेच बंद केली की प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग ती सुरू होत नाही. प्लग खराब समजून बदलले जातात. गाडी गरम होईपर्यंत बंद करू नका, एवढेच.

१७. २००६ ची मस्टँग जीटी घेतली आहे. प्लग काढायला मेकॅनिक घाबरतो, खरेच एवढे काय आहे?

घाबरतो तो शहाणा आहे. फोर्डच्या ४.६ लिटर, थ्री-व्हॉल्व्ह व्ही८ मध्ये २००५ पासून २००८ च्या सुरुवातीपर्यंत दोन तुकड्यांत घडवलेला प्लग होता. त्याच्या टोकाकडच्या लांब नळीवर कार्बन घट्ट बसतो. जोराने फिरवले की वरचा भाग हातात येतो आणि नळी हेडमध्येच राहते.

फोर्डने सांगितलेली पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड असू द्या. प्लग आठव्या ते चौथ्या हिश्श्याएवढाच सैल करा. विहिरीत कार्ब्युरेटर क्लीनर सोडा आणि किमान १५ मिनिटे थांबा. रात्रभर ठेवलेत तरी हरकत नाही. मग पुढे-मागे, पुढे-मागे करत काढा. कुरकुर ऐकू आली की जोर लावायचा नाही, उलटा फिरवायचा. नवा प्लग बसवताना निकेलचे अँटीसीझ त्या नळीवर लावायचे, आट्यांवर नाही.

एखादा तुटलाच तर आत अडकलेली नळी ओढून काढायचे खास एक्स्ट्रॅक्टर मिळते. ते आधीच मागवून ठेवा. गाडी आठ प्लगची आहे.